शुक्र बिंबावर आला नाही

"गणित माझं होतं. चूक माझी होती. मग तुम्ही ती आपली म्हणून का सांगितलीत?"

बल्लाळ देवळाच्या अंगणात उभा राहून बोलत होता. धावतपळत आल्यामुळे त्याला धाप लागली होती.

वैजनाथशास्त्री ओवरीत बसून भिजवलेले वाल सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जोडे बाहेर काढून ये," ते म्हणाले. "देवाचं अंगण आहे."

बल्लाळ गेला, जोडे काढून परत आला. आवाज मात्र त्याने खाली आणला नाही.

"मी विचारतोय, का सांगितलीत?"

शास्त्रीबुवांनी आणखी एक वाल सोलला.

नांदेरी संस्थानचं पंचांग शास्त्रीबुवा करीत. त्यातच केस पांढरे झाले होते. बल्लाळ हा त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. ही गोष्ट गावाला कळण्याच्या कितीतरी आधी खुद्द बल्लाळला कळली होती.

ग्रहांमध्ये बुध आणि शुक्र हे दोघेच आपल्या आणि सूर्याच्या मधून जातात. त्याला युती म्हणतात. पण युती झाली तरी बहुतेक वेळा ग्रह सूर्यबिंबाच्या थोडा वरून नाहीतर खालून निघून जातो आणि त्या झगझगाटात कोणाच्या नजरेला पडत नाही. क्वचित कधीतरी तो नेमका बिंबावरून सरकतो. तेव्हा सूर्याच्या अंगावर काळा तीळ चालताना दिसतो.

बल्लाळने गणित मांडलं आणि भर दरबारात सांगून टाकलं, की येत्या युतीला शुक्र बिंबावरून जाणार.

सरकार हरखले. शेजारच्या संस्थानिकांना आमंत्रणं गेली. नदीच्या घाटावर मांडव पडला, काचांच्या तुकड्यांना दिव्यावर धरून काजळी चढवली गेली. त्या दिवशी सकाळपासून सगळा गाव डोळ्यांना काच लावून बसला.

सूर्य वर आला. माथ्यावर आला. पश्चिमेकडे कलला.

बिंब कोरं होतं.

पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणी. सरकारांनी काच खाली ठेवली आणि बल्लाळकडे पाहिलं. बल्लाळचे ओठ हलले, पण शब्द निघाला नाही...

तेवढ्यात शास्त्रीबुवा मागून पुढे आले. अंगावरची दरबारी शाल त्यांनी काढली, नीट घडी घातली आणि सरकारांच्या पायांशी ठेवली.

"गणित माझं," ते म्हणाले. "याने फक्त वाचून दाखवलं."

दुसऱ्या दिवशी पंचांगाचं काम त्यांच्याकडून गेलं. संस्थानने राहायला दिलेलं घर गेलं. त्यांनी देवळाच्या ओवरीत बिऱ्हाड थाटलं. आणि आज सकाळी काम आणि घर, दोन्ही बल्लाळच्या नावे झालं होतं.

"मला तोंड नव्हतं का?" बल्लाळ म्हणाला.

"त्या वेळी नव्हतं."

"फुटलं असतं. थोडा वेळ थांबायचं होतं."

शास्त्रीबुवांनी वालांची सालं बाजूला सारली.

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं? मी चुकलोय हे?"

"नाही. तू मला गणित दाखवलंस कुठे? तू निकाल सांगितलास आणि पाया पडलास. मी आशीर्वाद दिला."

"मग यात तुमची चूक कुठे आली?"

"न बघता दिला."

बल्लाळच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"हे शब्दांचे खेळ माझ्यापाशी नकोत. मी तुमच्याकडे उपकार मागायला आलो नव्हतो. आता जन्मभर लोक म्हणतील, म्हातारा चुकला आणि पोरगं बिचारं फुकट तोंडघशी पडलं. बिचारं म्हणतील मला. नाव तर तुमचंच होतं सगळीकडे, ते मी सोसलं. पण माझी चूकसुद्धा तुम्ही माझी राहू दिली नाहीत."

"हवी आहे?"

"हवी आहे."

"मग जा. घेऊन ये."

बल्लाळ तसाच तरातरा वाड्यावर गेला. सरकार कारभाऱ्यांशी बोलत बसले होते. त्याने मुजरा केला आणि बसायला सांगण्याची वाट न पाहता सगळं सांगून टाकलं. गणित आपलं होतं. ग्रह सूर्याच्या वाटेपासून किती वर किंवा किती खाली आहे त्याला शर म्हणतात. तो फार किचकट असतो. या खेपेला तो नसल्यातच जमा असेल असं धरून आपण तो काढलाच नाही. गुरुजींना यातलं काहीही माहीत नव्हतं.

सरकार ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले.

"पाहिलंत?" ते कारभाऱ्यांना म्हणाले. "गुरूचा दोष स्वतःच्या माथ्यावर घेतोय. असा शिष्य मिळायला पुण्य लागतं."

"सरकार, मी खरं सांगतोय."

"बस, बाळ. तुझी निष्ठा पोचली आमच्यापर्यंत."

"निष्ठा नाही, सरकार. मी शर काढला नाही."

"विनयसुद्धा किती," कारभारी म्हणाले आणि उपरण्याने त्यांनी डोळे टिपले.

सरकारांनी स्वतःच्या हातातलं कडं काढून त्याच्या हातात घातलं. ते अंगठ्यापाशी अडकलं, तेव्हा कारभाऱ्यांनी ते दाबून वर सारलं.

घाटावरच्या हसण्याने त्याला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं या कौतुकाने लागलं. वाड्याच्या पायऱ्या उतरताना पहारेकऱ्याने त्याला वाकून नमस्कार केला. त्याला तो परत करवेना.

शास्त्रीबुवा देवळात नव्हते. ते घाटावर होते, धोतर धूत. पलीकडे माणसं मांडवाचे वासे उपटत होती.

बल्लाळला पाहताच त्यांनी धोतराचं एक टोक पुढे केलं. त्याने ते धरलं. दोघे उलट्या अंगांनी पीळ देऊ लागले. पाणी पायरीवर गळू लागलं.

"मिळाली?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"नाही."

"काय म्हणाले?"

"हे बघा, काय म्हणाले ते." त्याने मनगट वर केलं. कडं उन्हात चमकलं. "खरं बोललो तर माझी कीर्ती वाढली. आणखी खरं बोललो तर आणखी वाढली. उद्या चौकात उभा राहून ओरडलो तर माझी पालखीसुद्धा काढतील. तुमच्या एका खोट्यापायी माझं खरंही खोटं ठरलं, गुरुजी. आता मी कोणत्या तोंडाने खरं बोलू?"

शास्त्रीबुवांचे हात थांबले.



"हे खरं आहे," ते म्हणाले. "हे माझ्या हातून झालं. मला वाटलं होतं, तुला वाचवतोय."

बल्लाळ त्यांच्याकडे बघत राहिला. एवढी वर्षं शिकला, पण हे शब्द त्याने त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. त्या शब्दांनी राग थोडासा निवायला हवा होता. तो उलट उसळला.

"मग आता निवाडा करा. मला झोप नाही. डोळे मिटले की तो हसणारा पाहुणा दिसतो. सरकारांचा चेहरा दिसतो. तुम्ही शाल काढताना दिसता. सारखं तेच डोक्यात फिरतंय, चूक कोणाची. मी शर काढला नाही म्हणून माझी, का तुम्ही बघितलं नाहीत म्हणून तुमची, का आता तुम्ही खोटं बोललात म्हणून सगळीच तुमची. दुसरं काही सुचत नाही. आज सांगा. कोणाची?"

शास्त्रीबुवांनी धोतराचं आपलं टोक त्याच्या हातात दिलं आणि ओले हात अंगाला पुसले.

"सांगतो," ते म्हणाले. "आधी तू शर काढ आणि मला सांग. त्या दिवशी शुक्र वरून गेला, का खालून?"