दुसऱ्याचे लेकरू

एकदा एक वृद्ध कोशकार होते. कृष्णाकाठच्या नावाड्यांच्या तोंडचे शब्द गोळा करण्यात त्यांची एकतीस वर्षे गेली होती. दृष्टी मंदावली, तेव्हा त्यांनी साऱ्या वह्या विश्वनाथ नावाच्या आपल्या शिष्याकडे सुवाच्य प्रत करण्यासाठी सोपवल्या. दीड वर्षाने कोश छापून आला. त्यावर नाव एकट्या विश्वनाथाचे होते.

लोकांनी कोशकारांना कोर्टात जाण्याचा सल्ला दिला. ते ऐकून घेत आणि "बघू" म्हणत. अखेर त्यांनी शिष्याला एवढाच निरोप धाडला, "एकदा येऊन जा."

विश्वनाथ आला तो उत्तरे तयार ठेवूनच. वह्या विस्कळीत होत्या, मांडणी माझी, खटपट माझी, असे बरेच काही. पण कोशकारांनी काही विचारलेच नाही. फडताळातून दोऱ्याने बांधलेला चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा काढून त्यांनी त्याच्या हाती ठेवला.

"हे काय, गुरुजी?"

"दुरुस्त्या. दोन भोवऱ्यांची नावे मी उलटी लिहून ठेवली होती. ती तशीच छापली गेली. परवा एक नावाडी सांगून गेला. त्यावर विसंबून कुणी नवखा भलत्या ठिकाणी होडी घालेल आणि बुडेल. आणखीही चुका आहेत."

विश्वनाथ गोंधळला. "मला वाटलं, चोर म्हणायला बोलावलंत."

कोशकार खाटेवर टेकले. बोलण्याआधी त्यांना थोडा दम घ्यावा लागला.

"इंग्रजीत त्याला प्लेजिअरिस्ट म्हणतात. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून मिरवणारा. मूळ शब्द लॅटिन. तिथे त्याचा अर्थ होता, माणसे पळवणारा. दुसऱ्याचे मूल किंवा गुलाम उचलून नेणारा. पुढे एका कवीने आपल्या कविता लाटणाऱ्याला तेच नाव दिले. वर्गात हे सांगून मी लगेच पुढच्या शब्दाकडे वळत असे. तो कवी काय म्हणत होता, ते या वर्षी कळले. वस्तू गेली तर माणूस ती परत मागतो. मूल गेले तर आधी विचारतो, ते जेवले का, त्याला औषध कोण देते. भांडायची ताकद आता माझ्यात नाही, विश्वनाथ. पण ते आजारी आहे हे ठाऊक असताना मला गप्प बसवत नाही. नेलेस, तर औषधही घेऊन जा."

विश्वनाथाने गठ्ठ्याची गाठ सोडली.

"अक्षर लागत नाही, गुरुजी. तुम्ही सांगता?"

कोशकार सांगत गेले, तो लिहीत गेला. मध्येच त्याने विचारले, "नावाचं काय करू?"

"ते मी सांगायचे नाही," असे म्हणून त्यांनी पुढची चिठ्ठी मागितली.

वर्षभराने दुसरी आवृत्ती निघाली. कोशकारांना आता अक्षर दिसत नव्हते, म्हणून विश्वनाथ ती वाचून दाखवायला आला. त्याने मुखपृष्ठापासून आरंभ केला. वर कोशकारांचे नाव होते. खाली बारीक अक्षरांत होते, 'प्रत करणारा, विश्वनाथ'. तिथे तो थांबला.

म्हाताऱ्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "वाच पुढे," ते म्हणाले, "मी ऐकतो आहे."