मातीच्या आधी

“...पण मग पाय जमिनीच्या आधी जागे करायचे तरी कसे, वस्ताद?”

आश्लेषाने हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर वस्ताद मल्लखांबाला एरंडेल चोळत होते. त्यांनी खांबाच्या मानेवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि फडकं पुन्हा वाटीत बुडवलं.



मिरजेबाहेरच्या त्या तालमीत प्रश्नाला लगेच उत्तर मिळाल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. आश्लेषा साळोखे याच मातीत पडत-उठत मोठी झालेली, तिलाही ते ठाऊक होतं. पण आता तिचं नाव झालं होतं, आणि नाव झालेल्या माणसाला ताटकळायची सवय राहत नाही.

आल्या आल्या तिने “सहज आले होते भेटायला” असं सांगून पाहिलं होतं. वस्ताद “बरं केलंस” म्हणाले आणि तेल चोळत राहिले. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? शेवटी तिनेच सगळं सांगून टाकलं.

तिची उडी हरवली होती.

खांबाच्या टोकावरून सुटायचं, हवेत गिरकी घ्यायची आणि खाली यायचं ते भिंतीत खिळा बसावा तसं. पुढे नाही, मागे नाही. लोक तिचे बाकीचे डाव विसरत, पण ते उतरणं विसरत नसत. आणि गेल्या दोन महिन्यांत ती कधी पुढे झुकत होती, कधी हात टेकत होती. एकदा तर पंचांच्या पुढ्यात चक्क बसली होती. आठ दिवसांवर राज्याच्या संघाची निवड आली होती. हे असंच राहिलं तर तिचं नाव वगळायला कुणाला फार विचार करावा लागणार नव्हता.

“डॉक्टर काय म्हनतो?” वस्तादांनी विचारलं.

“पाय ठणठणीत आहेत म्हणतात.”

“मग बिघडलं कवापासनं?”

“तपासणी झाली तेव्हापासून,” आश्लेषाने सांगितलं.

शहरातल्या एका केंद्रात खेळाडूंच्या उड्या तपासत होते. तिच्या पोटऱ्यांना आणि मांड्यांना पातळ पट्ट्या चिकटवल्या, उडी मारायला लावली आणि मग पडद्यावर रेघा दाखवल्या. स्नायू आवळला की रेघ उसळते. पाय टेकला की दुसरी खूण उमटते.

“रेघ आधी उसळते, वस्ताद. पाय अजून हवेत असतो. माती लागलेलीच नसते... आणि पोटरी आवळून तयार असते. पापणी लवायच्या आतली गोष्ट, पण आधी.”

फडकं थांबलं.

वस्तादांनी कानाच्या पाळीला हात लावला.

आश्लेषा चमकली. तालमीत कानाला हात जातो तो आपल्या गुरूचं नाव निघालं की. आत्ता तर कुणाचंच नाव निघालं नव्हतं.

“मातीच्या आधी...” वस्ताद हळूच म्हणाले. “दिसतं व्हय त्ये? डोळ्यांनी?”

“दिसतं.”

“नशीबवान हायस. म्या आजवर नुसतं ऐकत आलो, पोरांचं पाय मातीत पडल्याला आवाज... मग?”

“मग मी विचार केला, हे आपोआप एवढं छान होतंय, तर मुद्दाम केलं तर किती छान होईल. अजून आधी आवळायचे. अजून घट्ट.”

“तितं कोन हुतं, त्यांनी काय सांगितलं?”

“एक बाई होत्या. ‘यात लुडबूड करू नकोस’ म्हणाल्या.”

“आनि तू?”

“...केली.”

वस्ताद हसले नाहीत. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घोडं पेंड खात होतं ते इथंच. हवेत असताना ती आता पायांना हुकूम सोडायची, ‘आत्ता!’ तो हुकूम कधी लवकर सुटायचा आणि पाय काठीसारखे ताठ होऊन दणका थेट डोक्यात जायचा. कधी उशिरा सुटायचा आणि गुडघे मोडून ती खाली बसायची. वेळेवर तो एकदाही सुटला नव्हता. तेवढ्यासाठीच ती आली होती. वस्तादांना ती वेळ नक्की ठाऊक असणार, आणि ती त्यांच्याकडून घेऊनच जायची, असं ठरवून.

“कळशी घे,” वस्ताद म्हणाले. “माती भिजवाय पानी लागंल.”

“वस्ताद, मी विचारत होते...”

“बारवंतलं आन. नळाचं नगं.”

राज्याच्या संघात जाऊ पाहणारी मुलगी कळशी घेऊन निघाली. तोंडाने काही बोलली नाही, पण उचललेल्या कळशीचा आवाज जरा मोठाच झाला.

बारव तालमीच्या मागे होती. लहानपणी ती इथून दिवसातून कितीदा खाली-वर करायची. पायऱ्या त्याच होत्या, झिजलेल्या, कुठे तिरक्या, कुठे वीतभर तर कुठे हातभर उंच. ती मनात वस्तादांशी भांडत भराभर उतरत गेली. आठ दिवस राहिलेत आणि हे मला पाणी भरायला लावतात. आता विचारायचंच की...

धप्पकन पाय आदळला.

दात दातांवर वाजले. दणका टाचेतून निघून मानेपर्यंत गेला. कळशी हातातून सुटली आणि ठणाणा करत पाण्याच्या कडेला जाऊन पडली.

आश्लेषा खाली बघत उभी राहिली. जिथे शेवटची पायरी होती तिथे आता गाळ साचून घट्ट जमीन झाली होती. एक पायरी कमी झाली होती, एवढंच. ती पडली नव्हती, खरचटलं नव्हतं. वीतभर आधी जमीन लागली आणि आख्खं अंग हादरलं.

पाणी भरून ती वर आली.

“खालची पायरी कुठं गेली, वस्ताद?”

“गाळात.” वस्ताद ओट्यावर टेकले होते. बाजूला लिंबांची पाटी होती. मातीत पिळायची लिंबं एकेक दाबून बघत होते. “घावली न्हाई व्हय?”

“दात वाजले माझे.”

“का गं? पायरी न्हाई म्हंजे उलट कमीच उतरायचं. सोपं झालं की.”

“मला वाटलं अजून एक पायरी आहे.”

“तुला वाटलं?”

“हो.”

“उतरताना त्याचाच इचार करत हुतीस?”

 उतरताना ती कसला विचार करत होती ते सांगण्यासारखं नव्हतं.

“...नाही.”

“मग वाटलं कुनाला?”

झाडावर एक होला घुमत होता.

आश्लेषाने खाली पाहिलं. ओले, गाळाने माखलेले तिचेच दोन पाय होते. ती वर भांडत होती आणि हे खाली, पायरी कुठे आहे हे धरून, तेवढेच लांब होऊन, तेवढेच आवळून निघाले होते. नसलेल्या पायरीसाठीसुद्धा.

“अजून एक कळशी आन,” वस्ताद म्हणाले. “ह्या खेपेला मातर पायांस्नी सांगत जा.”

ती गेली. पहिल्या पायरीला तिने पायाला सांगितलं, आता एवढा खाली जा. दुसरीला सांगितलं. तिसरी तिरकी होती, तिला काय सांगायचं ते ठरेपर्यंत पाऊल पुढे निघून गेलं. चौथीला तोल गेला आणि ती कळशीसकट खाली बसली.

बसून राहिली.

समोर बारव खोल उतरत गेली होती. त्या पायऱ्यांमधली एकही दुसरीसारखी नव्हती. लहानपणी ती यांवरून पळत उतरायची. गाणं म्हणत, चिंचा खात, मागे वळून मैत्रिणींना वेडावत. आणि प्रत्येक पायरीला पाय नेमका तेवढाच लांब, तेवढाच कणखर, तेवढाच मऊ झाला होता. तिला न विचारता. एकदाही चूक नाही, एकदाही तक्रार नाही. ती उड्यांचे ढाल-चषक मिरवत होती, ते सगळं कुणाच्या जिवावर?

तिच्या अंगावर काटा आला. भर उन्हात.

वर आली तेव्हा तिने काही विचारलं नाही. वस्तादांनी खोरं पुढे केलं.

त्या तालमीची एक रीत होती. ज्याची उडी, त्याने आपली माती आपण खणायची. दुसऱ्याने खणलेल्या मातीत उतरायचं नाही. आश्लेषा मोठी खेळाडू झाल्यापासून इथे आली की धाकटी पोरंच हौसेने तिची माती खणून ठेवत, आणि शहरात तर रबरी गाद्या होत्या, तिथे खणायचं काय? आयत्या बिळावर नागोबा होऊन तिला बराच काळ झाला होता.

तिने खोरं घेतलं. माती वर-खाली केली. ढेकळं हाताने फोडली, पाणी शिंपडलं, लिंबं पिळली. मग अनवाणी पायांनी ती तुडवत फिरली. कुठे माती पाय घोट्यापर्यंत आत घेत होती, कुठे नुसती दबत होती. आजवर हे काम तिला रिकामटेकडेपणाचं वाटायचं. आज ती पायांना मातीशी बोलू देत होती आणि आपण गप्प होती. कपाळावरून घाम ओघळून मातीत पडला, तोही तिने तुडवला.

“चढ,” वस्ताद म्हणाले.

तिने मातीला हात लावून कपाळाला लावला, खांबाला नमस्कार केला आणि चढली. खांब एरंडेलाने सुळसुळीत झाला होता, तरी मांड्यांनी धरला. मग टोकावर उभी राहिली. काळी-तांबडी माती खाली दिसत होती. आणि डोक्यात तो हुकूम पुन्हा तयार होऊन बसला, ‘आत्ता... आत्ता म्हणायचं बरं का.’

“वस्ताद, भीती वाटतेय.”

“वाटंल की.”

“पुन्हा बसले तर?”

वस्ताद पाटीत उरलेलं एक लिंबू उचलून हातात खेळवत राहिले.

आश्लेषाने श्वास घेतला. सुटली. आभाळ फिरलं, चिंचेचं झाड फिरलं...

“ए पोरी, धर!”

पिवळं काहीतरी तिच्या रोखाने आलं. तिचा हात गेला. लिंबू अलगद मुठीत बसलं.

बसलं, आणि ती त्या लिंबाकडे बघत राहिली. छान पिकलेलं, पातळ सालीचं. मग तिच्या लक्षात आलं की आभाळ फिरायचं थांबलं आहे.

तिने खाली पाहिलं.

ती उभी होती. पाय घोट्यापर्यंत मातीत, दोन्ही सारखे, गुडघे जरासे वाकलेले. पुढे नाही, मागे नाही. पोटरीतली एक शीर अजून हलकेच थरथरत होती. काम आटोपून दम घ्यावा तशी.

“...मी कधी आले खाली?”

वस्ताद तिच्या पायांकडे बघत होते.

“वस्ताद, मी त्यांना काही म्हणजे काहीच सांगितलं नाही. मी लिंबाकडे बघत होते.”

“व्हय.”

“मग त्यांना सांगितलं कुणी?”

होला पुन्हा घुमला. वस्तादांनी मान हलवली.

“ठावं न्हाई, पोरी.”

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. कधी कधी वस्ताद मुद्दाम लपवत, तसं हे नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे पाण्याने भरले होते.

“तुम्हाला तरी ठाऊक असेल असं मला वाटलं होतं.”

“माझ्या वस्तादांनाबी ठावं नव्हतं,” दस्तगीर वस्ताद म्हणाले आणि त्यांनी कानाला हात लावला. “पर रोज सकाळी ह्या मातीत पयलं पाऊल टाकताना त्यांचा हातबी कानाला जायाचा. म्या लहान हुतो. म्या इचारलं, कुनाचं नाव घेतलं, वस्ताद? तर म्हनाले, नाव कुनाला ठावं हाय...”

आश्लेषाला रडू फुटलं. उडी सापडली म्हणून नव्हे. इतकी वर्षं तिच्याखाली कुणीतरी राबत होतं आणि तिने एकदा वाकून बघितलंही नव्हतं, म्हणून.

मातीतून पाय उपसून ती ओट्यापाशी आली. गुडघे टेकले आणि वस्तादांच्या पायांना हात लावायला वाकली.

वस्तादांनी लहान पोरासारखे दोन्ही पाय झटकन ओट्यावर ओढून घेतले.

“माझं कशाला धरतीस? माझं पाय तर हितंच बसून हुतं.”

तिचे हात हवेतच राहिले.

वस्तादांनी मातीने माखलेल्या तिच्या पावलांकडे बोट केलं.

“जे उतरलं... त्यांच्या पाया पड.”