तांबूच्या वाटचं गवत

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी भातशेती करणाऱ्या एका गावात दोन शेजारणी राहत होत्या. दोघींच्या गोठ्यांमध्ये फक्त एक कुंपण होतं.

एकीला सगळं गाव नेमवाली म्हणे. सोमवार, एकादशी, चतुर्थी, तिचा एकही नेम चुकायचा नाही. दुसरी वयानं थोरली, म्हणून नेमवाली तिला अक्का म्हणायची. अक्काला नेमधर्म फारसा जमत नसे. सकाळी तुळशीला पाणी घातलं की ती विळा उचलायची आणि रानात जायची.

अक्काकडे एक गाय होती, तांबू. अक्का तिच्यासाठी दरवर्षी अश्विनात गवत कापायची, ते फुलोऱ्यात असताना, अंगात रस असताना. दोन-तीन उन्हं दाखवून, उलटंपालटं करून वाळवायची आणि मग गंजी रचायची. ते गवत हिरवट-करडं दिसायचं, पण जवळ गेलं की गोड वास यायचा.

नेमवालीचं शेत मोठं. तिच्या अंगणात भाताच्या पेंढ्याची भलीमोठी गंजी उभी असायची, उन्हात सोन्यासारखी चमकायची. पेंढा म्हणजे भात झोडून दाणे काढून घेतल्यावर उरलेलं काड. तेही कामाचंच. छपराला लागतं, गुरांच्या अंगाखाली अंथरायला लागतं, वैरण कमी पडली तर गुरं खातातही. पण त्यानं पोट भरतं, अंगी फारसं लागत नाही. हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. नेमवालीला तर होतंच होतं.

त्या वर्षी नेमवालीच्या घरी व्रताचं उद्यापन होतं. त्या गडबडीत गवत कापायचं राहून गेलं. वेळ मिळाला तेव्हा ते उभ्या उभ्या वाळून गेलं होतं. जेमतेम एवढीशी गंजी झाली.

चैत्र लागला आणि अक्काला निरोप आला. तिची लेक सासरी बाळंतपणाला टेकली होती आणि तिला अंथरुणातून उठायचीही मनाई होती. अक्काला जायलाच हवं होतं. पण इकडे तांबू गाभण होती, ज्येष्ठात वेणार होती.

अक्का कुंपणापाशी आली. "बाई गं, माझी तांबू तुझ्या भरवशावर सोडून जाते. गंजी तिच्यापुरतीच आहे. अंगाखाली पेंढा घाल, पण खायला गवतच घाल. दोन जिवांची आहे ती."

"अक्का, असं काय सांगतेस? मी काय परकी आहे? तू निर्धास्त जा."

अक्का निर्धास्त गेली.

नेमवालीनं पाडव्यापासून एक नवा नेम धरला होता. ज्येष्ठ संपेपर्यंत गावच्या महादेवाच्या पिंडीवर रोज स्वतःच्या गाईच्या दुधाची धार धरायची. तिची गाय नुकतीच व्यालेली, दूधही भरपूर. नवरा हसून म्हणायचा, "महादेवाची चैन आहे बुवा! आम्हाला मात्र ताकाचं पाणी."

वैशाख आला. नेमवालीची गवताची गंजी संपली. तिनं गाईला पेंढा घालायला सुरुवात केली आणि दूध आटू लागलं. पितळेचा गडू भरेना. वासराला ठेवावं तर देवाला उरेना.

"आता नेम मोडणार," असं तिला वाटलं. कुंपणापलीकडे अक्काची गंजी उभी होती.

ती मनाशी म्हणाली, 'एक कवळ घेते, दोन्ही हातांच्या मिठीत मावेल एवढंच. देवाच्याच कामाला जातंय ना!' तिनं एक कवळ गवत आणून आपल्या गाईपुढं टाकलं. त्याच्या बदल्यात आपल्या गंजीतला दोन कवळ पेंढा नेऊन तांबूपुढं टाकला. एकाला दोन दिले, म्हणजे चोरी कसली?

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच केलं. मग तो रोजचाच परिपाठ झाला.

तांबूची गव्हाण सोनेरी पेंढ्यानं काठोकाठ भरलेली असायची. येणारेजाणारे म्हणायचे, "सख्खी बहीण करणार नाही एवढं करतेस गं!" नेमवाली मान खाली घालून हसायची. तांबू पेंढा हुंगायची, एकदा आपल्या गंजीकडे बघायची आणि मुकाट्यानं खाऊ लागायची.

एके संध्याकाळी नवरा म्हणाला, "तांबूच्या फासळ्या दिसायला लागल्यात."

"उन्हाळ्यात सगळ्याच गुरांच्या दिसतात."

"आपल्या गाईच्या नाही दिसत."

नेमवाली देवापुढची वात सारखी करत राहिली.

ज्येष्ठात तांबू व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा असलेली. पण तिला उभंच राहता येईना. उठायची, पाय फाकायचे, पडायची. नेमवालीनं तिला उचलून आचळाला लावलं, तर आचळात दूध नव्हतं.

तेव्हा नेमवालीचं काळीज हललं. पिंडीवर न्यायची भरलेला गडू तसाच उचलून ती धावत आली. बोट दुधात बुडवून बुडवून तिनं कालवडीला चाटवलं. त्या दिवशी पिंडीवर धार पडली नाही. पण आता फार उशीर झाला होता. दिवेलागणीच्या आत कालवड गेली. तांबू तिला चाटतच होती.

अक्का परत आली. लेक सुखरूप होती, मांडीवर नातू खेळवून आली होती. वासराविना सुन्या गोठ्याकडे बघून तिनं डोळ्याला पदर लावला आणि नेमवालीचेच हात धरले. "गावात शिरताच सगळं कळलं मला. देवाचं दूध माझ्या वासराला पाजलंस. धरलेला नेम मोडलास. एवढं कोण करतं गं?"

नेमवाली एवढंच म्हणाली, "बस, पाणी देते."

पावसाळा सरला. वसुबारस आली. त्या दिवशी गाईची पूजा करायची ती वासरासकट. संध्याकाळी अक्का ताट घेऊन नेमवालीच्या दारी आली. ताटात हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि हिरव्या गवताची मूठ.

"माझ्या गोठ्यात यंदा वासरू नाही. म्हटलं, तुझ्याकडेच पूजावं."

नेमवालीचं वासरू चांगलंच अंग धरून होतं. पाठ अशी, की हात घसरावा. अक्कानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्याखाली खाजवलं आणि कौतुकानं म्हणाली, "किती छान पोसलंयस गं! घातलंस तरी काय याच्या आईला?"

नेमवालीनं हातातलं निरांजन खाली ठेवलं.

"तुझं गवत, अक्का."

"म्हणजे?"

"तुझ्या गंजीतलं. तांबूपुढं मी पेंढा टाकत होते. माझा नेम मोडू नये म्हणून."

वासरू अक्काचा पदर चघळत होतं. अक्कानं तो हळूच सोडवून घेतला. हातातली गवताची मूठ तिनं वासरापुढं धरली. "या मुक्या जिवाचा काय दोष!" असं पुटपुटून तिनं पूजा पुरी केली. मग ताट उचललं आणि घरी निघून गेली. निघताना कुंकवाला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नेमवालीनं विळा उचलला. देवाला नुसता हात जोडला आणि रानात गेली. तिथं सावलीच्या उतारावरचं गवत अजून फुलोऱ्यात होतं. तिनं ते कापलं, डोक्यावरून वाहून आणलं आणि अक्काच्या अंगणात वाळत घातलं. अक्काचं दार लोटलेलंच राहिलं. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. नेमवालीचे हात विळ्यानं सोलवटले, पण ती कापत राहिली.

तांबूच्या मनात काही नव्हतं. ती आली, नेमवालीचा हात हुंगून तिनं त्यातलं गवत खाल्लं. तेव्हा नेमवालीला रडू आवरलं नाही. गाय रागावली असती तर सोपं गेलं असतं, असं तिला वाटलं.

अशाच एका दुपारी ती गवत पसरत होती, तर दार करकरलं. अक्का उंबऱ्यात उभी होती. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"वरून वाळलंय, खालून ओलं आहे," अक्का म्हणाली. "पालथं घाल ते. नाहीतर गंजीत कुजेल."

"घालते, अक्का."

मग अक्का पदर खोचून अंगणात उतरली आणि दुसऱ्या टोकाकडून गवत पालथं घालू लागली.

तात्पर्य: दाणे काढून घेतलेलं काड सोन्यासारखं चमकलं, तरी त्यावर वासरू जगत नाही. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून केलेलं व्रतही तसंच, दिसायला भरलेलं आणि आतून रिकामं. चूक उमगली की आधी तो घास परत करावा. गेलेलं सगळंच परत येत नाही, पण देवापर्यंत जायची वाट तिथूनच पुन्हा सुरू होते.