ओढत्या पावलाचा कातळ

चीनमध्ये काठी लढवण्याची विद्या शिकून परतल्यावर, ती कोकणातल्या आडवेळ गावातही आहे असे ऐकून मी इथे आले, तेव्हा वाटले होते की इथे तिचे एखादे जुने, शुद्ध रूप जपलेले असेल. सापडली ती समुद्रालगतच्या कातळात पडलेली एक लांब खाच, आणि त्या खाचेतून डावा पाय ओढत, वल्ही फिरवत जाणारी गाबित मच्छीमारांची ओळ. मनगटाचा झोक अगदी माझ्या गुरूंसारखा. पाय मात्र सगळ्यांचा लंगडा.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. तोवर यांची पावले सरळ करायचीच, अशा निर्धाराने मी बुटांसह कातळावर उतरले, खरे पाऊल टाकून दाखवले आणि शेवाळावर सपशेल आपटले.

"चीनात शिकलंस गो चेडवा," ओळीतले म्हातारे दाजी तांडेल म्हणाले, "पण कातळार खंय शिकलंस?"

सगळी ओळ हसली. मग दाजींनी मला हात देऊन बसवले आणि हकीकत सांगितली.

फार पूर्वी एक चिनी जहाज इथल्या खडकांवर फुटले म्हणे. एकच खलाशी किनाऱ्याला लागला, तोही डावा गुडघा कायमचा निकामी होऊन. गाबितांनी त्याला घरात घेतले, लीनबाबा म्हटले. त्याच्यापाशी परत द्यायला काठीची विद्या तेवढी होती. इथे काठीच्या जागी वल्हे आले. तो हात शिकवत होता. शिकणाऱ्यांनी हातांबरोबर त्याचा पायही उचलला. गुरू पाय ओढतो, म्हणजे विद्याच तशी, असे त्यांना वाटले. हे ध्यानात आले तेव्हा लीनबाबा तोंड झाकून रडला, असे सांगतात. आपल्या गुरूची विद्या आपल्या हातून मोडली! ही पावले सरळ होईपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असा त्याने पण केला.

तो उपाशी असतानाच, ऐन श्रावणात, माणसे पकडून न्यायला चाचे आले. कातळ शेवाळाने हिरवागार. चाचे धावले आणि घसरले. गावकऱ्यांचा ओढता पाय मात्र आधी दगड चाचपायचा, मगच भार घ्यायचा. वल्ही फिरली. गावातले एकही माणूस गेले नाही.

तिन्हीसांजेला गोदी तांडेलीण पेजेचा वाडगा घेऊन त्याच्यासमोर बसली. "आता तरी जेव, बाबा. हात तुजे, पाय आमचे."

लीनबाबाने पण सोडला, आणि पेज प्यायला.

आजही पौर्णिमेला आडवेळची माणसे लीनबाबाच्या चिनी रीतीने मूठ तळहातात झाकून समुद्राला नमस्कार करतात, पेजेचा घोट घेतात आणि मगच खाचेत पाऊल ठेवतात. खाच वर्षागणिक खोल होत चालली आहे, असे दाजी म्हणतात.

पौर्णिमेच्या सकाळी मी बूट वाळूत काढून ठेवले आणि दाजींकडे वल्हे मागितले.

"सरळ करूक इलंस मां?" त्यांनी चिडवले.

"नाही दाजी, शिकायला. एक श्रावण पुरला नाही तर दुसराही इथेच काढीन. मग हे पाऊल चीनला नेऊन माझ्या गुरूंसमोर ओढून दाखवणार आहे."

दाजींनी माझ्या हातात पेजेचा वाडगा दिला.