भिंती नसलेलं घर

“ज्याला स्वतःचं घर नाही, त्यालाच घर मिळेल! आणि घर सांभाळता येतं हे ज्याने महाराजांना घरी जेवायला बोलावून दाखवलं, त्यालाच मिळेल!”

उदयभान राजाची ही दवंडी ऐकून करंजनगरने कपाळाला हात लावला. राजाने गोरगरिबांसाठी नदीकाठी छान घरं बांधली होती. नफा घ्यायचा नाही. बांधायला लागला तेवढाच खर्च, तोही सवडीने फेडायचा. पण अटी राजाने स्वतः घातल्या होत्या आणि आपलं चुकलं म्हणायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. घरवाले पहिल्या अटीत गळले, बेघर दुसऱ्या अटीत. घरं रिकामीच राहिली. पाली तेवढ्या कुणाला न विचारता राहायला गेल्या.

हौसा बुरडीण बाजारातल्या एका वळचणीला टोपल्या विणायची आणि सासूला, लेकीला घेऊन तिथेच राहायची. वळचणीच्या मालकाला आता तिथे दुकान काढायचं होतं. “अमावास्येच्या आत निघा,” म्हणाला. जायचं कुठे? हौसा सरळ दरबारात गेली.

“महाराज, उद्या माझ्याकडे जेवायला या!”

“म्हणजे हिला घर आहे!” दिवाण नरहरपंत ओरडले. “अपात्र! चालती हो!”

“आधी जेवा तर पंत, मग हाकला!”

“भरीत आहे का?” राजाने विचारलं.

“आहे की!”

“मग येतो!”

दुसऱ्या दिवशी राजा पाहतो तर काय! नव्या घरांसमोरच्या मोकळ्या जागेत सारवून घेतलेलं. चौफेर बांबूच्या कामट्या जमिनीवर आडव्या ठेवलेल्या. एका बाजूला दोन बांबू उभे, त्यांच्यामध्ये रांगोळी. आत चूल, चुलीवर भाकरी.

राजाने रांगोळीपाशी जोडे काढले. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “हौसे, पाव्हण्यास्नी पाय धुवाया पाणी दे की!” पाय धुऊन, मान लववून राजा दोन बांबूंमधून आत गेला. वर नुसतं आभाळ होतं. पंत मात्र कामटी ओलांडून आडवे घुसले.

“अवो, भिंतीतनं कुठं येताय? दार हिकडं हाय!” सासूबाई कडाडल्या.

पंत दचकून मागे सरले आणि मुकाट्याने वळसा घालून आले!

चार भाकरी झाल्यावर राजा म्हणाला, “भरीत झकास! पण हे कसलं घर? ना भिंत, ना छप्पर!”

“मग महाराजांनी जोडे कुठे काढले?”

“दारात... अरेच्चा!”

“सापडली!” पंतांनी टाळी वाजवली. “घर आहे ना? मग पहिली अट मोडली!”

“पंत, ही जमीन कोणाची?” हौसाने विचारलं.

“महाराजांची!”

“मग घरही महाराजांचंच. मी नुसतं सांभाळून दाखवलं. जेवायला कोणाच्या घरी बोलवायचं, ते दवंडीत कुठे होतं?”

राजा इतका हसला की त्याला ठसका लागला. सासूबाईंनीच पाठीवर थापट्या मारल्या.

“पंत, किल्ली द्या हिला! हवं ते घर निवडू दे. आणि पहिल्या वर्षाचा हप्ता माझ्याकडून!” मग राजाने मान ताठ केली. “पण अट मी बदलणार नाही हं!”

“नका बदलू,” हौसा म्हणाली. “फक्त रोज पोट रिकामं ठेवून या. मांडलेलं घर तसंच ठेवते, तुम्हाला जेवायला बोलवायला पुढचे बेघर थांबलेत!”

होळीपर्यंत नदीकाठची सगळी घरं भरली, आणि राजाचा अंगरखा कमरेत सैल करून घ्यावा लागला.