टोपडं घातलेला डबा

“वायर माझी, तर डबाही माझाच. तुमचा परका डबा जोडला तर अख्ख्या गावाचं नेट बिघडेल,” असं म्हणून फत्तेरावांनी एक काजू तोंडात टाकला.

गावात केबल फत्तेरावांची, इंटरनेटही त्यांचंच, म्हणून लोक त्यांना राजेच म्हणत. घरात नेट यायला मोडेम लागतो. गाव त्याला डबा म्हणे, आणि तो राजांकडूनच भाड्यानं घ्यायचा असा कायदा होता. द्वारकाबाई रुखवताचं विणकाम करायच्या. लांबलांबची गिऱ्हाइकं ते व्हिडिओवर बघून मागवायची. भाडं भरूनभरून एव्हाना बाईंचं डब्यांचं दुकान निघालं असतं. बरं, डबा तरी धड असावा? सौदा जमत आला की गिऱ्हाईक पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजायचं. थंडीत डब्याशेजारी भांडं ठेवलं की दही मात्र झकास लागायचं, इतका तो तापायचा. शेवटी बाईंनी स्वतःचा डबा विकत आणला, तर राजे जोडून देईनात. लग्नसराई तोंडावर आलेली. हा हंगाम हातचा गेला तर वर्षभर खायचं काय, या धास्तीनं बाईंची झोप उडाली होती.

“एकदा जोडून तर बघा, राजे.”

ऑफिसात तक्रारी घेऊन आलेले चौघे कान टवकारून बसले होते. फत्तेराव मिशीतल्या मिशीत हसले.

“बघू की. उद्या इथंच जोडू, सगळ्यांसमोर. एक चहा होईपर्यंत गावातून एकही तक्रार आली नाही, तर तुमचं भाडं कायमचं बंद. आली, तर जन्मभर दुप्पट.”

चौघांनी कपाळाला हात लावला. त्या ऑफिसातला फोन चहा होईपर्यंत गप्प बसल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

“कबूल,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पण ज्या डब्यापायी तक्रार येईल, तो डबा गावातून गेला पाहिजे.”

“गेला म्हणजे गेला. फत्तेरावचा शब्द आहे.”

घरी येऊन बाई क्रोशाची सुई घेऊन विणायला बसल्या. शेजारीण म्हणाली, “अहो, इथं जन्मभर दुप्पट भाडं भरायची वेळ आलीय आणि तुम्ही टोपडं कसलं विणताय?”

“बाळाला उद्या राजांकडं न्यायचंय. दृष्ट नको लागायला.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी पिशवीतून गुलाबी टोपडं घातलेला डबा काढून टेबलावर ठेवला. वायरमन बबननं वायर जोडली, चहा सांगितला.

चहा यायच्या आधीच फोन वाजला. पोस्टामागच्या गल्लीत नेट बंद. तो ठेवतोय तोच दुसरा, दवाखान्यात नुसतं चाक फिरतंय. तिसरा खुद्द राजांच्या घरून. मालिकेतला खून कोणी केला ते कळायच्या वेळीच पडदा गोठला म्हणून वहिनीसाहेब तापल्या होत्या.

“बघितलंत?” फत्तेराव मांडी थोपटत म्हणाले. “कालपर्यंत गाव कसं सुखात होतं. हे सगळं या परक्या डब्याचं काम.”

कालचे चौघे एकमेकांकडं बघत राहिले. बबननं डब्याला हात लावून झटकन मागं घेतला.

“साहेब, तवा झालाय नुसता. हलका माल. अशानं गावाचं नेट जाणारच.”

“नक्की याच्याचमुळं ना?” बाईंनी विचारलं.

“शंभर टक्के,” राजे म्हणाले.

बाईंनी टोपडं उतरवलं. डब्यावर फत्तेरावांचा हात जोडलेला, हसरा फोटो चिकटवलेला होता.

“हा तुमचाच हो, राजे. परत द्यायला आणलेला. माझा अजून पिशवीत खोक्यातच आहे. याच्यापायी गावाचं नेट जातं हे तुम्हीच सांगितलंत, आणि गेला म्हणजे गेला हा शब्दही तुमचाच. असे डबे गावात घरोघरी आहेत. गोळा करायला टेम्पो सांगू का?”

बबन छताकडं बघू लागला. फत्तेरावांनी एकदा बाईंकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या फोटोकडं पाहिलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की काजूची बशी उलटी झाली.

“हरलो, बाई. बबन, यांचा डबा जोड. आणि ज्याला स्वतःचा आणायचाय त्याला खुशाल आणू दे.”

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. वहिनीसाहेबच होत्या. राजांनी फोनवर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

“पोरीच्या लग्नाचं अख्खं रुखवत तुमच्याकडं दिलं, बाई. फक्त आजच्या आज माझ्या घरीही तुमच्यासारखा एक डबा आणून द्या. टोपड्यासकट.”