दोन खुंट्या

“पण झाकण कशाला?” उस्तादांनी विचारलं.

“काही आत जाऊ नये म्हणून,” हेरंब म्हणाला.

“आणि बाहेर?”

हेरंबला प्रश्न नीट कळला नाही. तसं त्याने दाखवलं नाही. पेटी हातात घेऊन तो बिजागरी कशी हलकी फिरते ते दाखवू लागला.

मिरजेतल्या त्या सतारीच्या कारखान्यात तो तीस वर्षांपूर्वी सहा महिने जमिनीवर बसला होता. तेव्हा तो वस्तुरचनेचं शिक्षण घेत होता, आणि करवत कशी धरायची हे कुठल्याही वर्गात शिकवत नव्हते. ते नबीसाहेबांनी शिकवलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, तोही म्हणू लागला. पुढे त्याने कुकरच्या मुठी केल्या, दवाखान्यातल्या ढकलगाड्या केल्या, दोनदा बक्षिसं मिळवली. आता वय एक्कावन्न. आज तो विचारायला आला नव्हता. दाखवायला आला होता.

पेटी भिंतीवर लावायची होती. धुरकट प्लास्टिकची, वीतभर रुंद. आत स्टीलच्या दोन खुंट्या, टोकाला दुभंगलेल्या, म्हणजे दात घासायच्या ब्रशची मान त्यात अडकावी. मध्ये पडदा, एकाचा ब्रश दुसऱ्याला लागू नये म्हणून. खाली गळणारं पाणी झेलायला तबकडी. बाजूच्या खणात दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचं, फ्लॉसचं रीळ, दोऱ्याचं टोक एका बारीक भोकातून बाहेर. आणि वर ते झाकण, चुंबकाने टक् करून बसणारं.

चार महिने. अकरा नमुने. हा अकरावा.

समोरच्या पाटावर शकीलभाई, उस्तादांचे पुतणे, सतारीच्या खुंट्या कातत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि तिजोरी झकास आहे, चावी कुणाकडे असते, असं विचारलं.

हेरंब हसला नाही. सोमवारी नकाशे साच्यासाठी जायचे होते. साचा झाला की बदल नाही. पेट्या जायच्या होत्या शहराबाहेरच्या एका धर्मशाळेत, चाळीस खोल्यांना. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर किरणांचे उपचार घ्यायला लांबून येणारे लोक तिथे राहत. खोलीत एक रुग्ण आणि एक सोबतीचं माणूस. किरणांनी तोंड आतून सोलल्यासारखं होतं. पाणीसुद्धा झोंबतं. अशा तोंडात जाणारा ब्रश ओला, मळका असून चालत नाही, हे हेरंबला कुणी समजावून सांगायला नको होतं.

सतरा नंबरच्या खोलीत सहा आठवडे तो सोबतीचं माणूस होता. रुग्ण वैजयंती होती, त्याची बायको.

शेवटी तोंडात पांढरे चट्टे आले, मग ताप. ब्रशमुळे झालं का, असं ती गेल्यावर चार महिन्यांनी त्याने डॉक्टरांना जाऊन विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, तसं कुणालाच सांगता येणार नाही. ते खरं बोलले होते. हेरंबला मात्र ‘नाही’ म्हणता येत नाही एवढंच ऐकू आलं, आणि घरी येऊन त्याने पहिली रेघ ओढली.

हे सगळं उस्तादांना माहीत होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पेटी गुडघ्यावर ठेवून, झाकण उघडत होता, मिटत होता. टक्. टक्.

“चांगलं बसतं,” ते म्हणाले.

“हवासुद्धा जात नाही आत,” हेरंब म्हणाला.

उस्तादांनी वर पाहिलं. छताच्या वाशांना वाळायला टांगलेले भोपळे होते. पंचवीसेक. आतला गर खरवडून काढलेले, तोंडं खाली, उघडी.

हेरंबनेही वर पाहिलं. मग घाईने खाली.

“ते भोपळे आहेत, उस्ताद. हा ब्रश आहे. धर्मशाळेतल्या न्हाणीघरात शिंतोडे उडतात, हात लागतात…”

“हात लागतात,” उस्ताद म्हणाले. “बरोबर.”

त्यांनी बाजूची वाटी ओढली. भोपळ्याला द्यायचा लाल रंग होता तीत, लाखेच्या चपड्यात कालवलेला. उजव्या हाताची बोटं त्यांनी पेरापर्यंत बुडवली. सावकाश, जसं कुणी आचमन करावं तसं.

“हा माझा हात. मी आजारी आहे. आता दात घासतो.”

त्यांनी झाकण उघडलं. झाकणाच्या कडेला लाल डाग पडला. नमुन्यातल्या दोन ब्रशांपैकी एक ‘आपला’ म्हणून काढला, परत अडकवला. तसं करताना अंगठा पडद्याला घासला. मग फ्लॉस. टोक इतकं आखूड होतं की चिमटीत धरताना बोटं भोकाला टेकलीच. झाकण मिटलं. टक्.

“आता तू. तू सोबतीला आहेस.”

हेरंब हलला नाही.

“ये ना. आम्हाला तर तू काल करवत धरलीस आणि आज पेटी केलीस असंच वाटतंय. दात घास.”

शकीलभाईंचा कातायचा आवाज थांबला होता.

हेरंबने झाकण उघडलं. ब्रश काढला. दोरा ओढला. झाकण मिटलं. मग त्याने स्वतःची बोटं पाहिली… तर्जनी लाल, अंगठा लाल. दोरा लाल. आणि त्याच्या ब्रशच्या दांडीवर, मानेच्या जरा खाली, लाल.

चार महिने त्याने जंतूंना वाट बंद केली होती. वाट त्यानेच बांधून दिली होती, बिजागरीसकट.

“पेचकस आहे का?” हेरंबने विचारलं.

शकीलभाईंनी पुढे केला. हेरंबने बिजागरीचे चार स्क्रू काढले आणि झाकण भुश्शात ठेवून दिलं. मग मांडी घातली. तीस वर्षांनी बसत होता, गुडघा वाजला. बारीक करवत घेऊन तो तबकडीला भिडला. प्लास्टिक चरचरत कापलं जाऊ लागलं. तबकडी गेली. पाणी झेलायचंच नाही. गळू दे सरळ खाली, बेसिनमध्ये. पडदा गेला. त्याऐवजी खुंट्याच दूर नेल्या तर? तो स्वतःशीच बोलत होता, पाठकोऱ्या कागदावर आकडे टिपत होता. वीतभर अंतर. रीळ वेगळं, वरच्या अंगाला, ज्याचं त्याला. दोऱ्याचं टोक चार बोटं लोंबतं ठेवायचं, म्हणजे हात फक्त दोऱ्याला लागेल.

उस्ताद एकदाच म्हणाले, फडक्याचा एक हात फिरवून पुसता आलं पाहिजे. बाकी ते तंबोऱ्याच्या तारा टेकतात त्या घोडीपाशी बसून, सूर गुंजावा म्हणून तारेखाली सुती दोरा सरकवत होते. तार छेडायचे, दोरा केसभर हलवायचे, पुन्हा छेडायचे.

चहा आला, गार झाला.

चारच्या सुमारास हेरंबच्या हातात कारखान्यात सापडलेली स्टीलची एक लांब पट्टी होती, आणि तिच्यावर आणून बसवलेल्या त्या दोन खुंट्या. आत असं काही राहिलंच नव्हतं. सगळंच बाहेर. त्याला ती उघडीवाघडी वाटली, आणि बरोबरही वाटली.

तरी तो थांबला नाही. पट्टी शिकंजात आवळली आणि लोखंड कापायची करवत दुसऱ्या खुंटीच्या मुळाशी लावली.

“ती का?” उस्तादांनी विचारलं.

त्याने समजावून सांगितलं. आता कळलंय तर अर्धवट कशाला सोडायचं. एका पट्टीवर एकच ब्रश. रुग्णाचा इकडच्या भिंतीवर, सोबतीच्या माणसाचा तिकडच्या. शेजार नकोच. शेजार आला की चूक आली. बोलता बोलता त्याचा आवाज कडक झाला होता, आणि करवतीचे दोन घाव पडलेही होते.

“तुझा ब्रश कशात असतो?”

करवत थांबली.

“घरी. तुझा स्वतःचा,” उस्ताद म्हणाले.

“…काचेच्या पेल्यात.”

“एकटाच?”

हेरंबने शिकंजाची मूठ उगाच आणखी आवळली.

“तिचाही आहे,” तो म्हणाला. “तिथेच आहे. हिरवा.”

ती जाऊन आठ महिने झाले होते. रोज सकाळी तो दात घासायचा, ब्रश झटकायचा आणि त्याच पेल्यात उभा करायचा. पेला त्याने धुतला नव्हता, कारण धुवायचा तर हिरवा ब्रश उचलावा लागला असता, आणि उचलला तर परत ठेवताना तो तिने ठेवला तसा राहिला नसता. अकरा नमुने त्याने त्याच न्हाणीघराशेजारच्या खोलीत केले होते.

“पेल्यात पाणी आहे?”

“बोटभर.”

“कुणाचं?”

“माझ्याच ब्रशचं. गळतं ना, खाली साचतं.” तो थांबला. “तिच्या ब्रशची दांडी काळी पडलीय बुडाशी.”

शकीलभाई उठून बाहेर गेले.

उस्तादांनी तार छेडली नाही. उठून ते शिकंजापाशी आले. हेरंबच्या हातातून करवत काढून घेतली, पट्टी सोडवली, आणि दुसऱ्या खुंटीच्या मुळाशी पडलेले दोन घाव नखाने चाचपून पाहिले. मग घासकागदाचा तुकडा घेऊन ते हळूहळू गुळगुळीत करू लागले. त्यांच्या बोटांचा लाल रंग केव्हाच सुकला होता. स्टीलवर काही उमटत नव्हतं.

हेरंब उभा राहून बघत होता. न्हाणीघरातली ती भिंत त्याला दिसत होती. पट्टी कुठे येईल, किती उंचीवर, भोकं कुठे पाडावी लागतील… सगळं दिसत होतं. एका खुंटीवर त्याचा ब्रश. तोही दिसत होता.

“सोमवारी हेच देतो,” तो म्हणाला. “चाळीस खोल्यांना. आणि एक घरी लावतो. आज.”

उस्तादांनी मान डोलावली.

“पण घरी…” हेरंबने पट्टी हातात घेतली. “घरी दुसऱ्या खुंटीचं काय करू, उस्ताद?”

उस्ताद जाऊन तंबोऱ्यापाशी बसले. दोरा तारेखाली केसभर सरकवला.

“खुंटी राहू दे,” ते म्हणाले. “पाणी राहू देऊ नकोस.”